मॅन्टलचं कुठलं कार्ड भारी? फाशांच्या बेसबॉलमध्ये जुन्या स्लगरची कार्डं कशी ताडून बघायची

शाळेत मागच्या बाकावर बसून पानांचं क्रिकेट खेळला असाल तर हा खेळ तुम्हाला अर्धा येतोच. पुस्तक मध्येच उघडायचं, पान नंबरचा शेवटचा आकडा बघायचा, सहा आला की सिक्सर, शून्य आला की आउट. त्यात घोळ एकच होता, सचिन असो नाहीतर अकराव्या नंबरचा बॅट्समन, पुस्तक दोघांना सारखंच वागवायचं. अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी हा घोळ सोडवला तो असा की प्रत्येक खेळाडूचं वेगळं कार्ड काढायचं, त्याच्या त्या सीझनच्या आकड्यांवरून, आणि फासे टाकून त्या कार्डावर निकाल वाचायचा. १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकॅस्टरच्या रिचर्ड साइट्झनी एपीबीए बाजारात आणला (खेळणारे त्याला ‘ॲपबा’ म्हणतात, अक्षरं सुटी उच्चारलीत की लगेच कळतं नवीन आहात) आणि १९६१ मध्ये न्यूयॉर्ककडच्या हॅल रिचमननी स्ट्रॅट-ओ-मॅटिक. दोन्ही अजून चालू आहेत आणि दोन्हीचे लोक एकमेकांच्या खेळाला नाकं मुरडतात.

मी इथे न्यू जर्सीत आल्यावर एका सहकाऱ्याच्या तळघरातल्या लीगमध्ये ओढला गेलो. जुने सीझन, जुने खेळाडू, शनिवारी दुपारी फासे. पहिल्याच ड्राफ्टमध्ये (म्हणजे खेळाडू वाटून घेताना) मी यांकी टीमचा जुना स्लगर, म्हणजे लांब धोपटणारा, मिकी मॅन्टल ह्याचं १९५७ चं कार्ड उचललं कारण ॲव्हरेज .३६५ होती आणि बाकीच्या दोन कार्डांवर त्याहून कमी, इतका साधा हिशोब. मग सगळा उन्हाळा काय झालं ते पुढे सांगतो. नवीन माणूस नेमका तिथेच पडतो म्हणून हे सगळं लिहायला घेतलंय.

आधी दोन मिनिटं बेसबॉलचे शब्द. पिचर म्हणजे आपला बॉलर. बॅटर बॅट घेऊन उभा राहिला की ती त्याची एक पाळी. बॉल मारून बेस गाठला की हिट (एक बेस सिंगल, दोन डबल, तीन ट्रिपल), सगळे बेस फिरून घरी आला की एक रन, आणि बॉल मैदानाबाहेर मारला की होमरन. तीन स्ट्राइक झाले की स्ट्राइकआउट, म्हणजे आउट. चार वाईट बॉल पडले की तो फुकटात फर्स्ट बेसवर जातो, त्याला वॉक म्हणतात. आपल्याकडे वाइडची एकच रन मिळते, इथे चार जमले की आख्खा बेस मिळतो. आता मुख्य गोष्ट, बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे हिट भागिले पाळ्या, पण ती काढताना वॉक झालेल्या पाळ्या धरतच नाहीत. कार्ड मात्र सगळ्या पाळ्यांसाठी बनलेलं असतं. ही ओळ परत वाचा, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

पहिली पायरी, कार्ड बाजूला ठेवा आणि खरा सीझन घ्या.

मॅन्टल का, तर एकाच माणसाची तीन एकदम वेगळी कार्डं मिळतात आणि तिन्हींना लोक ‘बेस्ट’ म्हणतात. आकडे हे:

१९५६: ६५२ पाळ्या, १८८ हिट, ५२ होमरन, ११२ वॉक, ९९ स्ट्राइकआउट, ॲव्हरेज .३५३
१९५७: ६२३ पाळ्या, १७३ हिट, ३४ होमरन, १४६ वॉक, ७५ स्ट्राइकआउट, ॲव्हरेज .३६५
१९६१: ६४६ पाळ्या, १६३ हिट, ५४ होमरन, १२६ वॉक, ११२ स्ट्राइकआउट, ॲव्हरेज .३१७

आता हिटना पाळ्यांनी भागा. १९५६ ला शंभर पाळ्यांत २८.८ हिट, १९५७ ला २७.८. म्हणजे .३६५ वाल्या कार्डावर .३५३ वाल्यापेक्षा हिट कमी येणार! ॲव्हरेज जास्त आणि हिट कमी, कारण मधल्या जागा वॉकने खाल्ल्या. मला हे कळलं तेव्हा ऑगस्ट उजाडला होता.

पण म्हणून १९५७ टाकाऊ असंही नाही हं. बेसवर पोचायचं प्रमाण बघा, १९५६ ला .४६४, १९५७ ला .५१२, १९६१ ला .४४८. १९५७ ला निम्म्याहून जास्त वेळा माणूस बेसवर! आणि अजून एक गंमत करून बघा, सगळे टोटल बेस (सिंगलचा एक, डबलचे दोन, ट्रिपलचे तीन, होमरनचे चार) अधिक वॉक, भागिले पाळ्या. १९५६ चे ३७६ अधिक ११२, म्हणजे ४८८, उत्तर येतं .७४८. १९५७ चे ३१५ अधिक १४६, उत्तर .७४०. १९६१ चे ३५३ अधिक १२६, उत्तर .७४१. तिन्ही जवळपास एकाच जागी येऊन बसतात. म्हणजे ‘कुठलं कार्ड भारी’ हा प्रश्नच थोडा चुकलेला आहे, कुठल्या टीममध्ये आणि कितव्या नंबरवर कुठलं कार्ड, असा तो विचारायला पाहिजे.

दुसरी पायरी, तुमचा खेळ हे कार्ड किती वेळा वाचतो ते बघा.

लोक ॲपबाचं कार्ड आणि स्ट्रॅटचं कार्ड शेजारी ठेवून ‘ह्यात होमरन किती कमी दिलेत’ म्हणून वाद घालतात, आणि वाद मुळातच फुसका असतो कारण दोन्ही कार्डांचं काम वेगळं आहे.

ॲपबात दोन फासे, एक मोठा लाल आणि एक छोटा पांढरा. लाल दशकाचा, पांढरा एककाचा, म्हणजे लाल ४ पांढरा २ आला की ४२. अशा ११ पासून ६६ पर्यंत ३६ जागा होतात आणि प्रत्येक जागेची शक्यता सारखी. कार्डावर त्या जागेसमोर एक नंबर असतो आणि तो नंबर घेऊन तुम्ही बोर्डवर निकाल बघता. साध्या खेळात १ म्हणजे होमरन, १३ म्हणजे स्ट्राइकआउट, १४ म्हणजे वॉक. फासे पडल्यावर प्रत्येक वेळी बॅटरचंच कार्ड वाचायचं. पिचर येतो तो ग्रेडच्या रूपाने, ए, बी, सी, डी, आणि चांगल्या ग्रेडचा पिचर असला की बॅटरचे काही सिंगल आउटमध्ये बदलतात. ६६ पडले की टेबलावर ओरडा होतो, कारण तिथे त्या बॅटरचा सगळ्यात भारी निकाल लिहिलेला असतो.

स्ट्रॅटमध्ये तीन फासे. एक वेगळ्या रंगाचा, तो कॉलम सांगतो: १, २, ३ आला तर बॅटरचं कार्ड, ४, ५, ६ आला तर पिचरचं. बाकीच्या दोन फाशांची बेरीज करायची, २ ते १२, आणि त्या कॉलममध्ये त्या बेरजेसमोरची ओळ वाचायची. म्हणजे निम्म्या वेळी मॅन्टलचं कार्ड कोणी उघडतसुद्धा नाही. वर्षभराचा मॅन्टल निम्म्या वाचनात बसवायचा असेल तर कार्ड कसं करावं लागेल? खऱ्यापेक्षाही अचाट. तेच कंपनी करते. म्हणून स्ट्रॅटचं स्लगर कार्ड बघून नवीन माणूस म्हणतो, बापरे, हा तर राक्षस आहे. अहो पण उरलेल्या अर्ध्या वेळी समोर पिचरचं कार्ड असतं आणि तिथे मॅन्टल आणि त्याच्याच टीमचा नववा बॅटर एकाच मापात.

तिसरी पायरी, मोजणी. इथे वेळ घालवा, कंटाळा करू नका.

ॲपबाची मोजणी सोपी. कार्डावर १४ किती वेळा आलाय ते मोजा, ते ३६ पैकी. मॅन्टलच्या खऱ्या वॉकचं प्रमाण ३६ वर आणलं तर १९५६ ला ६.२, १९५७ ला ८.४, १९६१ ला ७. होमरन तसेच काढले तर २.९, २ आणि ३. गोची एका ठिकाणी होते, काही जागांवर ० लिहिलेला असतो, तो आला की फासे परत टाकायचे आणि कार्डाचा दुसरा कॉलम वाचायचा. तेव्हा पहिल्या कॉलममध्ये एकच १ दिसला म्हणून कार्ड खाली ठेवू नका. समजा शून्य तीन आहेत आणि दुसऱ्या कॉलममध्ये १ बारा वेळा आहे, तर ३ गुणिले १२ भागिले ३६, म्हणजे अजून एक आख्खा होमरन लपलेला आहे. हिट मोजताना मात्र आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच निघणार, कारण त्यातले काही पिचरचे ग्रेड खाणार हे धरूनच कार्ड बनतं.

स्ट्रॅटमध्ये ओळी मोजून चालत नाही. दोन फाशांची बेरीज २ यायचा रस्ता एकच आणि ७ यायचे सहा. तेव्हा हे पाठ करा: २ चा १, ३ चे २, ४ चे ३, ५ चे ४, ६ चे ५, ७ चे ६, मग ८ चे ५ आणि उतरत उतरत १२ चा १. हे झाले चान्स. एका कॉलमचे ३६, बॅटरच्या कार्डाचे १०८, पिचरचे १०८, सगळे मिळून २१६. ७ समोरचा एक होमरन हा २, ३ आणि ४ समोरच्या तीन होमरनांच्या बरोबरीचा आहे! नवीन माणूस तीन ओळींत होमरन बघून हुरळतो आणि जुना माणूस फक्त ६, ७, ८ च्या ओळींवरून बोट फिरवतो.

एक नमुना करून दाखवतो, हे आकडे मी समजुतीसाठी घेतलेत. पहिल्या कॉलममध्ये ७ ला होमरन, ६ चान्स. दुसऱ्यात ६ ला होमरन, ५ चान्स. तिसऱ्यात ८ ला दोन निकाल लिहिलेत, होमरन १ ते १२ आणि डबल १३ ते २०. म्हणजे तिथे वीस बाजूंचा फासा अजून टाकायचा, तेव्हा ५ गुणिले १२ भागिले २०, झाले ३ चान्स. बेरीज १४. आता हे १४ कोणाचे वाटतात? मॅन्टलचे १९५६ चे होमरन ६५२ पाळ्यांत ५२, म्हणजे २१६ वर आणले तर १७.२. त्यातले समजा अडीच पिचरच्या कार्डावरून येणार, उरले पावणेपंधरा. तेव्हा नमुन्याचं कार्ड १९५६ च्या जवळचं झालं. १९५७ ला हाच हिशोब केला तर ११.८ मधून अडीच गेले, नऊ-साडेनऊ उरले. १९६१ ला साडेपंधराच्या आसपास.

वॉकचं बघा, तिथे खरा धक्का आहे. १९५७ चे वॉक २१६ वर ५०.६. पिचरच्या कार्डावर साधारण ११ धरले (शंभरातल्या दहा पाळ्या वॉक असा माझा ढोबळ अंदाज) तर मॅन्टलच्या कार्डावर ४० उरतात, १०८ पैकी ४०! कार्डाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग नुसता वॉक वॉक वॉक. १९५६ ला हाच आकडा २६ आणि १९६१ ला ३१.

आता माझी त्या उन्हाळ्याची गोष्ट. मी १९५७ चा मॅन्टल चौथ्या नंबरवर ठेवला कारण चौथ्यावर धोपटणारा ठेवतात असं ऐकलेलं, आणि पाचव्यावर एक शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मध्ये उभा राहणारा फील्डर), ज्याचं फील्डिंग छान आणि बॅटिंग म्हणजे आनंदीआनंद. रोज तोच खेळ: सेकंड आणि थर्डवर माणसं, मॅन्टल येणार, वॉक, तिन्ही बेस भरले, मग आमचा शॉर्टस्टॉप डबल प्लेमध्ये, म्हणजे एकाच बॉलवर दोघे आउट, सगळा खेळ खलास करणार. समोरचे काका, सत्तरीतले, दर वेळी नुसते हसायचे. हेच कार्ड दुसऱ्या किंवा तिसऱ्या नंबरवर टाकून मागे दोन दणकट बॅटर लावले असते तर त्या वॉकच्या रन झाल्या असत्या. तुमच्या टीममध्ये मागे कोणीच नाही आणि मॅन्टलनेच सगळ्यांना घरी आणायचंय, तर १९५६ घ्या. १९६१ चं कार्ड मी त्या दोघांच्या मागे ठेवीन, होमरन थोडे जास्त पण बाकी हिट कमी, शंभरात २५.२, आणि स्ट्राइकआउट जास्त. खऱ्या १९६१ मध्ये तो चौथ्यावर यायचा आणि पुढे तिसऱ्यावर रॉजर मॅरिस, ज्याने त्या वर्षी ६१ होमरन मारले आणि तरी त्याला वर्षभरात एकदाही मुद्दाम वॉक दिला गेला नाही, कारण त्याला सोडला की पुढे मॅन्टल! ही गोष्ट मॅरिसच्या कार्डावर कुठे छापलेली नसते, ती तुम्हाला बॅटिंग ऑर्डर लावूनच मिळवावी लागते.

चौथी पायरी, डावा-उजवा. फक्त साधा खेळ खेळणार असाल तर सोडून द्या. स्ट्रॅटच्या कार्डाच्या मागच्या बाजूला ॲडव्हान्स्ड खेळ असतो, तिथे डावखुऱ्या पिचरविरुद्ध तीन कॉलम आणि उजव्याविरुद्ध वेगळे तीन. मॅन्टल दोन्ही हातांनी बॅटिंग करायचा, डावखुरा पिचर आला की उजव्याने, उजवा आला की डाव्याने. नवीन लोक दोन्ही बाजू मोजून सरळ सरासरी काढतात, ते चूक, कारण उजवे पिचर कितीतरी जास्त असतात. तुमच्या लीगमध्ये किती डावखुरे पिचर आहेत ते आधी मोजा, चारात एक असेल तर एका बाजूला एक भाग आणि दुसऱ्या बाजूला तीन भाग वजन द्या. ह्याच आकड्यावर कार्डाची किंमत फिरू शकते.

त्याला लागूनच मैदान. मॅन्टलचं घरचं मैदान, जुनं यांकी स्टेडियम, तिथे उजवीकडची लाइन जेमतेम २९६ फूट आणि डावीकडे मधल्या खोल भागात ४५७ फूट. डाव्या हाताने खेचून मारला तर होमरन, उजव्याने तितकाच लांब मारला तर कॅच. स्ट्रॅटच्या सगळ्यात वरच्या खेळात काही होमरन मैदानावर अवलंबून असतात, कार्डावर तशी खूण असते, आणि मैदानाचा नंबर डाव्या आणि उजव्या बॅटरसाठी वेगळा. त्या खुणेचे होमरन पक्क्या होमरनमध्ये मिसळू नका, वेगळे लिहा, मग ज्या मैदानात खेळणार त्याप्रमाणे किती धरायचे ते ठरवा.

पाचवी पायरी म्हणजे कोणाशी खेळणार. १९६१ ला अमेरिकन लीग आठची दहा टीमची झाली आणि सामने १५४ चे १६२. नवीन दोन टीम म्हणजे एरवी वर न येणारे कितीतरी पिचर. त्या वर्षाचं कार्ड त्या वर्षाच्या पिचरांशी जुळवून बनलेलं असतं, म्हणून एकाच सीझनची लीग खेळत असाल तर चिंता नाही. पण वेगवेगळ्या वर्षांची खिचडी करून ऑल-टाइम लीग करत असाल तर १९६१ च्या कार्डाला १९६८ चे पिचर भेटणार, आणि ते वर्ष पिचरांचं होतं, बॉब गिब्सनचा ई.आर.ए. (नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या रन, कमी तितकं भारी) १.१२ होता. अशा लीगमध्ये सगळ्याच स्लगरचे आकडे खाली येतात, कार्डाला शिव्या देऊ नका.

फील्डिंगबद्दल एकच सांगतो कारण तिथे सगळे हमखास आपटतात. स्ट्रॅटमध्ये फील्डिंगचा १ सगळ्यात चांगला आणि ५ सगळ्यात वाईट. ॲपबात उलटं, आउटफिल्डरला ३ म्हणजे उत्तम आणि १ म्हणजे कामचलाऊ. एका खेळातून दुसऱ्यात आलेल्या माणसाने सेंटरफिल्डला १ बघून खुशीत कार्ड उचललेलं मी दोनदा पाहिलंय.

आणि एकाच सीझनची कार्डं कंपन्या पुन्हा नव्याने काढतात, तेव्हा दोघांकडे ‘१९५६ चा मॅन्टल’ असूनही ओळी वेगळ्या असू शकतात. लीगमध्ये आधीच ठरवा कुठली आवृत्ती, नंतर भांडण होतं.

शेवटी टेस्ट. सगळे मोजतात, मग हौसेने पन्नास वेळा फासे टाकतात आणि एकही होमरन आला नाही की म्हणतात कार्ड खोटं. पन्नास काय, पूर्ण ६५० पाळ्या टाकल्या तरी ५२ होमरनचं कार्ड तीनातल्या दोन वेळा ४५ ते ५९ च्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतं, आणि तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर. म्हणजे १९५६ चा मॅन्टल एखाद्या सीझनला ४३ वर अडकला तर ते नुसते फासे आहेत. मी मोजलेले चान्स छोट्या चिठ्ठीवर लिहून कार्डाच्या प्लास्टिक कव्हरात मागे सरकवून ठेवतो, होमरन, वॉक, बाकी हिट, डाव्याविरुद्ध, उजव्याविरुद्ध. कार्डावर पेनाने लिहू नका, पन्नास-साठ वर्षं जुनं कार्ड असेल तर समोरचे काका तुम्हाला तळघरातून बाहेर काढतील, आणि त्यांचं बरोबर असेल.